राहिलेली पाठवणी

आप्पा,

तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. एकतर तुम्हाला वाचता येत नव्हतं. कुणाचं पत्र आलं की तुम्ही ते माझ्यापुढे धरायचात आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसायचात. दुसरं म्हणजे तुमच्यावरचा राग. तो इतका जुना झालाय की घरातल्या लोखंडी कपाटासारखा, आहे म्हणून आहे, कुणी हलवत नाही. पण आज शनिवार, शाळेतून आत्ताच आलेय, साडीला दिवटीच्या तेलाचा वास येतोय, आणि आज जे झालं ते सांगायला मला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. शेजारच्या बाईंना सांगितलं तर त्या 'हो का, छान' म्हणाल्या आणि कुकर बंद करायला आत गेल्या. तुम्हाला कळेल. आवडेल की नाही ते माहीत नाही, आणि त्याची फिकीर मी आता सोडलीय.

निवृत्त झाल्यावर माझ्याबरोबरच्या बायांनी भिशी लावली, कुणी योगासनं धरली. मी नांदेडात धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, दोन शिक्षक मैत्रिणींना विश्वस्त व्हायला लावलं आणि एक संस्था नोंदवली. शाळेतल्या लेकरांना लोककला शिकवायची. फी नाही, नफा नाही. सुरुवात कशानं करायची याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. गोंधळ्याची लेक दुसरं काय करणार! माझ्याच जुन्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे गोंधळ आधीच पुष्कळ आहे." हा विनोद मी तेव्हापासून पन्नास जणांकडून तरी ऐकला असेल आणि प्रत्येक वेळी हसलेय, कारण शनिवारी अर्धी सुट्टी झाल्यावर मला एक वर्गखोली हवी होती. ती मिळाली. आणि शिकवायला काका मिळाले.

काका म्हणजे तुमचेच. तीस वर्षं तुमच्या शेजारी तुणतुणं धरून उभे राहिलेले, ज्यांना तुम्ही 'गड्या' म्हणायचात ते. आता थकलेत, पण आवाज तसाच आहे. त्यांची लेक नांदेडला दिलीय, तिच्याकडे ते आणि काकी महिना-महिना राहायला येतात. मी विचारलं तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला नाही. "पोरीबी शिकनार का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "पोरीच जास्त आहेत काका, पोरं क्रिकेटला पळतात." दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी संबळ पोत्यात बांधून ऑटोनं शाळेत हजर. पोरींना संबळ शिकवतात म्हणून त्यांच्या गावात त्यांची लई थट्टा झाली, हे मला फार नंतर कळलं.

तुम्ही असता तर शिकवलं असतं का? मला त्याचं उत्तर माहीत आहे. मी नऊ-दहा वर्षांची आहे. तुम्ही ओसरीत दादाला घेऊन बसलाय, संबळाची दोन भांडी त्याच्यापुढे, आणि तो एकच ठेका चुकतोय, पुन्हा चुकतोय. आई चुलीपुढे आहे, मी काठवटीत पीठ मळतेय. कान तिकडे, हात इकडे. आणि कधी माझी बोटं काठवटीच्या काठावर तोच ठेका वाजवायला लागली ते मलाही कळलं नाही. बरोबर वाजला. बाहेर दादा थांबला. तुम्ही उठून आत आलात, दारात उभं राहून नुसतं बघत राहिलात. मला वाटलं, आता म्हणतील, ये बाहेर, बस. मी पिठाचे हात झटकलेसुद्धा. आणि तुम्ही म्हणालात, "हे हात भाकरीला लाव. संबळाला लागले तर तुला घरात कोन घेईल?" आईनं तव्यावरची भाकरी उलटली. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दादाची तालीम मारुतीच्या पारावर न्यायला लागलात, घरातून ऐकू येणार नाही इतक्या लांब. मारलं असतं तर मी विसरले असते, आप्पा. तुम्हाला कळलं होतं की मला येतं, म्हणून तुम्ही तालीम उचलून लांब नेली. दादानं पुढं काय केलं ते तुम्ही पाहिलंतच. तो पुण्यात कंपनीत लागला, आणि त्याच्या घरी साधा टाळसुद्धा नाही.

एकीकडे असे तुम्ही, आणि दुसरीकडे मी शिक्षिका झाले तेव्हा उदगीरला जाऊन माझ्यासाठी छत्री घेऊन आलात. काळी, लाकडी मुठीची, पुरुषांची. "बाईंच्या हातात छत्री पाहिजे, लेकरं वचकून राहतात," म्हणालात आणि स्वतःच उघडून, मिटून दाखवलीत. शाळेत सगळ्या जणी हसल्या त्या छत्रीला. मी ती मोडेपर्यंत वापरली. तुमच्यावर धड रागावताही येत नाही ते असल्या गोष्टींमुळे.

असो. वर्ग सुरू झाला. पहिले दोन महिने नुसता आवाज, काय विचारू नका. मग हळूहळू जमायला लागलं. ऑटोवाल्याची एक लेक आहे, सातवीतली, बारीक चणीची, तिच्या कमरेला संबळ बांधला की ती मागे झुकून उभी राहते आणि असा वाजवते की काकांच्या तोंडातून 'व्वा गं माझी माय' निघून जातं. बघता बघता बातमी पसरली. भोकरच्या एका शाळेनं विचारलं, निलंग्याहून एका मुख्याध्यापकांचा फोन आला, दिवाळीनंतर आमच्याकडेही सुरू करा. लोक माझी ओळख सगळीकडे 'गोंधळ्यांच्या घराण्यातल्या' अशी करून द्यायचे. 'वडिलांकडूनच शिकलात ना मॅडम?' असं विचारायचे. मी हो म्हणायची नाही, आणि नाहीही म्हणायची नाही.

मग लातूरला शाळांच्या लोककला स्पर्धेचा कार्यक्रम ठरला. मोठं सभागृह, प्रत्येक संघाला आठ मिनिटं. आता आठ मिनिटांत गोंधळ कसा बसवायचा? मी बसले आणि शाळेत पाठ नियोजन करायची तसं कागदावर लिहून काढलं. पाटावरचा तांदळाचा चौक आधीच मांडून ठेवायचा. सुरुवातीला देवांना बोलावणं, कारण ते दणक्यात होतं. मग थोडी कथा, थोडा विनोद, आणि शेवटी संबळाचा वेग वाढवत नेऊन एकदम थांबायचं, की टाळ्या. सभागृहात आग चालत नाही म्हणाले, म्हणून दिवटी बॅटरीची केली, केशरी कागद गुंडाळून. काकांना ती आवडली नाही, पण 'शहरातला रिवाज असंल' म्हणून गप्प राहिले. सराव तुकड्या-तुकड्यांत चालायचा, त्यामुळे शेवट काय आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, शेवट तो शेवटच असणार, त्यात विचारायचं काय.

लातूरला लेकरांनी कमाल केली. माहूरची रेणुका बोलावली, तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, वेशीवरचा म्हसोबासुद्धा बोलावला. सभागृह डोलत होतं. आठव्या मिनिटाला संबळ थांबला, टाळ्यांचा कडकडाट झाला, एका पोरीनं बटण दाबून दिवटी विझवली आणि सगळी लेकरं प्रमाणपत्रासाठी रांगेत उभी राहिली. आणि मी बघते तर काका विंगेत उभे, हातात दुधाचा तांब्या. खऱ्या दिवटीला दुधात शांत करतात ना, तसं त्यांनी निदान या बॅटरीच्या दिवटीला दूध लावायचं ठरवलं होतं. गावाहून आणलं होतं की कुठून, देव जाणे.

"आन् आरती?" ते म्हणाले.

"काका, वेळ संपली."

"वेळ? समद्या देवास्नी बोलावून आनलं. समदे येऊन बसलेत हितं. आन् तू बटन दाबून घरला निघालीस? त्यास्नी पाठवनार कोन?"

आजूबाजूचे वळून बघायला लागले. पुढचा संघ आत यायला खोळंबला होता. आणि मी, तुमचीच लेक, जीभ आवरायची कधी शिकलेच नाही. मी म्हटलं, "काका, हा कार्यक्रम आहे. खरा गोंधळ थोडाच आहे?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मंग एवढे दिस मी खोटं शिकवून राहिलो का?"

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. काका आमच्या गाडीत बसलेच नाहीत. लातूरच्या बसस्टँडवरून देवणीची एसटी धरली आणि आपल्या गावी निघून गेले. संबळही घेऊन गेले, तो त्यांचाच होता.

पुढचे तीन शनिवार मी वर्गात गेले आणि लेकरं माझ्या तोंडाकडे बघत बसली. "बाई, तुम्हीच शिकवा की," ऑटोवाल्याची लेक म्हणाली. मी त्यांना माहिती सांगितली, चित्रं दाखवली, गोष्टी सांगितल्या. चौथ्या शनिवारी अर्धीच आली. भोकरच्या शाळेला मी तारीख देईना, निलंग्याचे फोन घेईना. विश्वस्त मैत्रीण म्हणाली, दुसरा कुणी बघू या, व्हिडिओवर शिकवू या. मी तिला म्हटलं, गोंधळी काही बाजारात टांगलेले नसतात. काका आले नाहीत तर संस्था बंद होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि बंद होऊ द्यायची नाही, हेही तितकंच स्वच्छ ठरलं होतं. रविवारी सकाळी उदगीरच्या बसमध्ये बसले.

काकांच्या दारात देवणी गाय बांधलेली, काका बाजेवर. मला बघून उठले नाहीत. "चा पिऊन जा," म्हणाले, म्हणजे त्याच्यापुढे बोलायचं नाही. मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले. माफी मागितली, त्यांनी मान हलवली, पण ती नाही अशी हलवली.

"तुझ्या बापानं असं केलं असतं का?" ते म्हणाले. "असं अर्ध्यात सोडून?"

आप्पा, तुमचं नाव निघालं आणि माझा पारा चढला. मी म्हटलं, "बापाचं नाव काढू नका, काका. माझ्या बापानं मला शिकवलं असतं तर मला माहीत असतं शेवट कसा करतात. मी शेवट पाहिलेलाच नाही! लहान होते तेव्हा दिवटी पेटेपर्यंत जागी राहायची, मग झोपायची. आणि जरा मोठी झाले तर न्यायचंच बंद केलं. तुम्हीही होतात तिथं. तुम्ही कधी म्हणालात का, गड्या, पोरीलाबी बघू दे?"

काकांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात काकी चहा घेऊन दारात आल्या आणि कपबशी माझ्या हातात देता देता म्हणाल्या, "खरं हाय की तिचं. पन्नास वर्सं झाली मला हितं येऊन. यांचा झगा धुतला, कवड्यांच्या माळा ओवल्या, दिवटीला चिंध्या फाडल्या. मी तरी कुठं बघितलाय शेवट?"

"तुला काय करायचाय बघून?" काका म्हणाले.

"का? म्या मानूस न्हाई का?" काकी म्हणाल्या आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं बोलताना मी पाहिलं नव्हतं. काकांनीही पाहिलं नसावं. ते उठले, गाईपुढे कडबा टाकला आणि परत येऊन बसले. त्यांचा चहा थंड झाला, त्यावर साय धरली.

"राहिलेलं पुरं करावं लागंल," शेवटी म्हणाले.

"करू."

"त्याच लेकरांनी. आन् खऱ्या दिवटीनं."

"करू."

"लोकं नगं, टाळ्या नगं. फुडचं मग बघू."

"मला न्या," काकी म्हणाल्या. "मी येनार हाय."

तर आज तो शनिवार होता. मुख्याध्यापिकांनी आगीच्या भीतीनं वाळूच्या दोन बादल्या आणून ठेवल्या आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या, एक पाय आत, एक बाहेर. भर दुपारची वेळ, खिडकीतून ऊन आलेलं, अशा उजेडात गोंधळ मी तरी कधी ऐकला नव्हता. पाटावर नवं कापड, तांदूळ, कलश, ज्वारीची पाच धाटं बांधून उभी केलेली. काकी पहिल्या बाकावर, पाय वर घेऊन. काकांनी लेकरांना समजावलं, "ज्येला ज्येला बोलावलं त्येला नाव घेऊन पाठवायचं. पाव्हनं आलं तर वाटंला लावायला आपन बाहीर जातो का न्हाई? जिम्मा हाय आपला." लेकरांना लगेच पटलं.

मग त्यांनी संबळ उचलला आणि माझ्यापुढे धरला. "ज्येनं बोलावलं त्येनंच पाठवायचं. पैला ठेका तुझा. धर."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "काका, मनगट दुखतंय. आज नको." त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "बरं," म्हणाले आणि संबळ ऑटोवाल्याच्या लेकीच्या कमरेला बांधला.

तिनं वाजवला, आप्पा. आरती झाली. मग एकेकाचं नाव घेऊन, माहूरच्या मायला माहूरला, तुळजापूरच्या मायला तुळजापूरला, खंडोबाला जेजुरीला, म्हसोबाला त्याच्या वेशीवर, सगळ्यांना लेकरांनी सुखरूप वाटेला लावलं. एक पोरगी तर म्हसोबाला 'सावकाश जा' म्हणाली आणि कुणी हसलं नाही. काकांनी दिवटी दुधात धरली, चर्र आवाज झाला, धूर झाला, मुख्याध्यापिका वाळूची बादली घेऊन पुढे धावल्या. आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर, चांगलं हुंदका देऊन. तुम्ही दर गोंधळाला, घरी यायच्या आधी हे करत होतात आणि मला ते एकोणसाठाव्या वर्षी दिसलं.

काकींनी सगळं टक लावून पाहिलं. दिवटी शांत झाल्यावर काकांकडे वळून म्हणाल्या, "एवढंच व्हय? आन् एवढ्यापायी मला पन्नास वर्सं घरी बसवलं?" काका इतके ओशाळले की तांब्यातलं उरलेलं दूध कुठं ओतायचं तेच त्यांना कळेना. लेकरं मात्र आता पोट धरून हसली.

निघताना काका म्हणाले, "फुडच्या शनिवारी येतो. भोकरला कव्हा जायाचं ते ठरव, निलंग्याचं जवळच हाय मला." मी तिथंच दोन्ही फोन लावले, तारखा देऊन टाकल्या. आता हे थांबणार नाही. काका थकतील तेव्हा ही सातवीतली पोरगी शिकवेल, आणि शेवटासकट शिकवेल. ज्याला हसायचं त्यानं हसावं, तुम्ही असता आणि पाराकडे उठून गेला असतात तरी मी ओसरीत वर्ग चालूच ठेवला असता. ऑटोत चढता चढता काका मागे वळले. "मनगट बरं झालं की येऊन बसत जा," म्हणाले. "पोरींच्या मागं. जागा हाय."

हे पत्र कुठं टाकणार? टाकलं तरी तुम्हाला वाचून कोण दाखवणार, ते काम माझंच होतं. वहीतच राहू दे. म्हणून एक लिहून ठेवते, जे संस्थेच्या कागदांत नाही. तिथं उद्देशाच्या रकान्यात मी 'लोककलांचे जतन व संवर्धन' असं सुवाच्य अक्षरात लिहिलंय, आणि सगळीकडे सांगते की लेकरांसाठी करतेय. माझ्या मनगटाला काही झालेलं नाही, आप्पा. मला संबळ वाजवता येत नाही. मला तो शिकायचा होता, आणि या वयात कुणाला 'मला शिकवा' म्हणायची लाज वाटली, म्हणून मी एवढी संस्था काढली.